उदककुंभ

पेशवाईतलं पुणं. अक्षय्यतृतीयेला, कसब्यातल्या आपल्या घरी, विसाजीपंत दिवंगत वडिलांच्या नावानं पाण्याचे घडे दान करत होते. ऊन मी म्हणत होतं. इतक्यात पडवीतल्या पिंजऱ्यातून वडिलांचा लाडका पोपट, राघू, थेट वडिलांच्याच आवाजात ओरडला, "विसू... पाणी..."

पंतांच्या अंगावर काटा आला. भटजींनी हात जोडले. "पंत, थोरले तहानलेत हो!"

डोळे पुसत पंतांनी हौदावरून आणखी घडे भरून आणवले. राघू ओरडत राहिला, पंत देत राहिले. मुलगा असावा तर असा, असं आळीत जो तो म्हणू लागला. राघूचा आवाज मात्र बसत गेला.

जेवणं उरकल्यावर पंतांच्या पत्नी यमुनाबाई पिंजऱ्यापाशी गेल्या. "अहो, इकडे या. याची वाटी कोरडी ठाक आहे."

पंतांनी धावत जाऊन वाटी भरली. चोच वासून पडलेला राघू पोटभर प्यायला, त्यानं पंख झटकले, आणि ओसरीवर विडा चघळत बसलेल्या भटजींच्या देखत, उन्हाळ्यात वडील रोज सकाळी विचारायचे तो प्रश्न अख्खा विचारला, "विसू, राघूला पाणी घातलंस का रे?"