पुढचा गोळा

बहात्तर साली जपानहून दानीएलदादाचं पोस्टकार्ड आलं: छोट्या गावचं स्टेशन, मधून सुसाट जाणारी गाडी. आमची लाईन एकेरी. एका टप्प्यात एकच गाडी, म्हणून मशीनमधून काढलेला पुढच्या टप्प्याचा लोखंडी गोळा मिळाल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. पुढच्या राहुरी स्टेशनहून सुटलेली समोरची मालगाडी पोचेपर्यंत पॅसेंजर माझ्या स्टेशनात थांबवायची होती. तिच्या ड्रायव्हरनं दिलेला मागचा गोळा थैलीसकट टेबलावर ठेवून पॉइंटसमन छगन कार्डावर वाकला. "मास्तर, हितं गोळा कोन देतं?" "तिथं गोळाच नाही." "मंग समूरून दुसरी आली म्हंजी?" "येत नाही," मी हसून म्हणालो आणि रोजच्या सवयीनं थैली छगनच्या हाती दिली. त्यानं ती ड्रायव्हरला नेऊन दिली, ड्रायव्हरनंही न उघडता गाडी सोडली. पॅसेंजर उसाआड गेल्यावर गोळ्यांच्या मशीनकडे बघितलं. पुढचा गोळा आतच होता. मागचाच परत दिला होता मी. छगन लाल झेंडा घेऊन धावत सुटला. कार्डावरचे जायचे रूळ वेगळे होते, यायचे वेगळे.