कुशाबाईच्या वाटणीचं पाणी

कोंबडखताची तिसरी गोण चांगदेवनं गच्चीवरच्या गवतात उलटी केली आणि पश्चिमेकडं पाहिलं. ढग भरून आले होते. या म्हणावं आता, तो पुटपुटला.

शेजारच्या खोलीत त्याची विधवा भावजय राहायची, कुशाबाई. वाटणीत तिनं चारचौघांत मागून घेतलं होतं, की चांगदेवच्या गच्चीचं पावसाचं पाणी तिच्या हौदात यावं. आणे पठारावरच्या त्या कोरड्या गावात उन्हाळ्यात तिला प्यायला तेवढंच. पंचांनी कागदच करून दिला, वर चांगदेवला खडसावलंही. ते त्याला आजतागायत सलत होतं. पाणी नासलं की बाई खोली सोडून माहेरी जाईल, असा त्याचा डाव.

म्हणून तर त्यानं घर थंड राहावं या नावाखाली गच्चीवर माती टाकून गवत लावलं. काम करून देणारा ऋषी जाताना बजावून गेला होता, "माती पाणी गाळती, भाऊ. पण खत घालू नका, सगळं पाण्यात उतरतंय." चांगदेवनं नेमकं तेवढंच ध्यानात ठेवलं.

त्या पावसात हौदात चहासारखं पाणी उतरलं. कुशाबाई तांब्या घेऊन दारात आली.

"भावजी, हे कसं प्यायचं?"

"वैनी, कागदावर पाणी लिवलंय. रंग न्हाई लिवला."

ती डोळ्याला पदर लावून गेली. चांगदेवला त्या दिवशी दोन भाकरी जास्त गेल्या. सूड घ्यावा तर असा, असं त्याचं त्यालाच वाटलं. मग दर पावसानंतर ती यायची, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं रडायची, आणि चेव येऊन तो आणखी एक गोण वर चढवायचा. "कुठं फेडाल हे पाप?" बायको म्हणायची. तो नुसता हसायचा.

पुढच्या पावसाळ्यात कुशाबाई फिरकलीच नाही. रडणं नाही म्हणून गोणही नाही. बाईनं हाय खाल्ली वाटतं, असं म्हणत चांगदेव खुशीत तिच्या परसात डोकावला.

कमरेएवढी वांग्यांची झाडं लगडली होती. हौदाचं तांबूस पाणी पाटानं वाफ्यांत चाललं होतं. खोलीवर फुटक्या कौलांच्या जागी नवे पत्रे होते, आणि पत्र्यांच्या पन्हळीखाली झाकणाची नवी टाकी.

"या भावजी," कुशाबाई वांगी तोडता तोडता म्हणाली. "गेल्या सालच्या वांग्यांच्या पैशावरच पत्रं घातलं. प्यायचं पाणी आता माझ्याच छपराचं. पण तुमच्याकडचं यंदा लई पातळ उतरतंय. रडायला येऊ का उद्या?"