हाँगकाँगचे साहेब

वर्ष संपायला चार दिवस उरले, तरी चीनमधल्या चोंगछिंग शहराच्या गुंतवणूक कचेरीतल्या थानबाईंना एकही परदेशी गुंतवणूकदार गावला नव्हता. अखेर हाँगकाँगच्या एका कंपनीचा मालक यायला तयार झाला. हाँगकाँगचा पैसा कागदावर परदेशीच! बाईंनी लाल गालिचा अंथरला, दुभाषी आणला, इंग्रजी भाषण घोकलं.

गाडीतून उतरला त्यांच्याच गल्लीत हॉटपॉटची, म्हणजे उकळत्या रश्श्याची, खानावळ चालवणारा पांग.

"मेल्या, तू कधी परदेशी झालास?" बाई दात आवळून पुटपुटल्या.

"मंगळवारी, ताई. तिकडे जाऊन कंपनी नोंदवली. शेजारी म्हणून परवाना मागत होतो, तेव्हा तीन वर्षं तुम्ही दारात उभं केलं नाहीत."

बाईंनी मागे पाहिलं. फोटोवाले सरसावले होते. बाईंनी दुभाष्याला पुढे ढकललं.

"साहेबांना विचार, आमचं शहर कसं वाटलं?"