तिसऱ्या महिन्याचा नमुना

डॉक्टरांनी रिपोर्ट दुसऱ्यांदा वाचायला घेतला, तशी नवऱ्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईने पर्स छातीशी धरली. चोरी पकडली जाणार! तो नमुना नवऱ्याचा नव्हताच. तिचा होता.

आता यात तिचं तरी काय चुकलं? नवऱ्याच्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढून तीन महिने झाले होते. शौचाचा नमुना नऊच्या आत लॅबमध्ये पोचवायचा होता. आणि हा बाबा तासभर संडासात बसून डबीत नखाएवढं काहीतरी घेऊन आला. वर तिच्यावरच खेकसला, "होत नाही तर काय करू, विकत आणू?" एवढ्याशा नमुन्याला लॅबवाली हात लावत नाही. म्हणजे परत नवी तारीख, परत रजा, परत याची कुरकुर. तिने ते गुपचूप फेकलं, डबी धुतली आणि आत जाऊन स्वतःच भरून आणली. चिठ्ठीवर नाव त्याचं होतंच. घाण ती घाण, तिच्यात काय एवढं बघायचंय, म्हणत तिने वेळ मारून नेली.

"आतड्यात जंतू सगळ्यांच्याच असतात," डॉक्टर नवऱ्याला सांगू लागले. "काही मात्र गाठीच्या आसपास जास्त सापडतात. ऑपरेशनआधी तुमच्यात ते भरपूर होते. गाठ गेल्यावर कमी व्हायला हवे होते." त्यांनी चष्मा काढला. "ते वाढलेत. शिवाय रक्ताचा अंश आहे. लगेच निष्कर्ष काढायला नको, पण पुन्हा दुर्बीण घालून बघावं लागेल."

"म्हणजे परत आलं?" नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याचा हात शर्टावरून पोटाच्या व्रणावर गेला. बाईला त्याची इतकी कीव आली, की तिला राहवेना.

"अहो, घाबरू नका हो! ते तुमचं नव्हतंच. तुमचं एवढंसं होतं, म्हणून मी माझं दिलं."

नवरा स्टुलावरच तिच्याकडे वळला. मग पोट धरून हसत सुटला. "ऐकलंत डॉक्टर? जन्मभर माझ्या प्रत्येक गोष्टीत हिची लुडबुड! बाई गं, जीव घेतला असतास माझा!"

तीही हसली. सुटलो एकदाचे, असं वाटलं तिला.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी नवऱ्याची फाईल मिटून बाजूला सारली आणि खणातून कोरा फॉर्म काढला.

"तुमचं वय किती, बाई?"

"बावन्न," ती म्हणाली, अजून हसू आवरत. "पण माझं कशाला?"

नवऱ्याचं हसणं थांबलं. तो पेशंटच्या स्टुलावरून उठला, दंडाला धरून तिला तिथे बसवलं, आणि तिची पर्स आपल्या हातात घेऊन मागे उभा राहिला.