पिशवीतला पाऊस

जलचक्र शिकवताना बाईंनी प्रत्येक मुलाला एकेक पारदर्शक पिशवी दिली होती. आत दोन चमचे पाणी ओतायचं, पेनाने वर सूर्य काढायचा, फुंकर मारून पिशवी फुगवायची आणि तोंड घट्ट बंद करून उन्हाच्या खिडकीला चिकटवायची. दुपारपर्यंत पाणी वर चढायचं, थेंब होऊन खाली ओघळायचं, आणि वर्गात नुसता कल्ला व्हायचा.

धडा संपला, पोरं आपापल्या पिशव्या घरी घेऊन गेली. काचेवर एकच उरली, मिशीवाल्या सूर्याची. तिची मालकीण तापाने गेली, त्याला आज नऊ दिवस झाले होते.

तिची आई दप्तर न्यायला आली आणि खिडकीशी थबकली.

"मिशा काढायची खोड तिचीच," ती म्हणाली. "अजून पाऊस पडतोय का हो हिच्यात?"

"पडतोय ना. रोज."

आईने पिशवी अलगद सोडवली. त्या पाण्याला नुसतं बोट लावावं म्हणून ती तोंड उघडू लागली, तसा बाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"उघडू नका, ताई. पाणी काय, नळाचंच आहे. पण आतली फुंकर तिची आहे."