गेटवरचं राष्ट्रगीत

घुग्घुसजवळच्या सिमेंट कारखान्यात एके काळी चंदन लाल झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे असायचा. 'जो राबतो, कारखाना त्याचा,' हे ठेक्यावरच्या बायांनी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून ऐकलं. पुढे तो नव्या युनियनचा पुढारी झाला आणि सांगू लागला, मालक आणि कामगार एकाच देशाची लेकरं, संप म्हणजे देशाशी दगा.

धुळीसाठी मास्क मागितला म्हणून त्या बायांमधल्या रिनाला कामावरून काढलं, तेव्हा बाया गेटसमोर रस्त्यावर बसल्या. भरलेले ट्रक आत अडकले. मॅनेजरने चंदनला पुढे केलं. त्याने समजावून पाहिलं, दटावून पाहिलं, पण एकही बाई हलली नाही. मग त्याने माइक हातात घेतला आणि राष्ट्रगीत सुरू केलं.

बाया उठल्या. ताठ उभ्या राहून त्याही गाऊ लागल्या. गार्डांनी गीत संपायचीही वाट पाहिली नाही, उभ्या बायांना तसंच बाजूला रेटलं. चंदनने डोळे मिटून घेतले, पण तो थांबला नाही. ट्रक निघून गेले.

म्हातारी बायनाबाई पदर सावरत त्याच्याजवळ आली. त्याला तिच्याकडे पाहवेना.

"मले वाटलं नव्हतं बाई, का तुमी अशा उठून उभ्या..." पुढचं खोटं त्याच्याने बोलवलं नाही.

"तू काऊन सुरू केलं, ते मले पहिल्या ओळीलेच समजलं," ती म्हणाली. "तरी उभी झाली. देश माहा बी आहे ना, बाबू."