दुखवट्याचं गिऱ्हाईक

शालूबाईनं मोबाईल गल्ल्यावर ठेवला आणि बोटानं दाबला. कोरेगावच्या त्या कापडदुकानात सुमंतशेठचा आवाज घुमला. सुमंतशेठ मात्र गल्ल्यामागं तोंड मिटून उभे होते.

"नमस्कार शालूबाई! मी सुमंतशेठ बोलतोय. तुमच्या घरचं कार्य थाटात पार पडलं, आम्हाला फार आनंद झाला. असेच प्रसंग तुमच्या घरी वारंवार येवोत. पुढच्या खरेदीलाही आपल्याच दुकानात या. वाट बघतो!"

महिन्यापूर्वी शालूबाईचा थोरला शिवतेज गेला होता. फौजेत होता, पेटीतून घरी आला. सुतकाच्या घरी माहेरानं द्यायचं कापड, म्हणजे दुखवटा, म्हणून तिचा भाऊ मानसिंग याच गल्ल्यावरून सात साड्या आणि अकरा टॉवेल-टोप्या घेऊन गेला होता.

दुखवट्याच्या कापडाचा सुमंतशेठचा रिवाज सगळ्या तालुक्याला माहीत. त्या गिऱ्हाइकाशी भावाची घासाघीस करायची नाही, चहा विचारायचा नाही, दुकानाची रंगीत पिशवी द्यायची नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून गठ्ठा हातात द्यायचा. आणि गिऱ्हाईक पायरी उतरताना चुकूनसुद्धा 'परत या' म्हणायचं नाही. वडिलांनी शिकवलेलं होतं. चाळीस वर्षांत शेठची जीभ एकदाही घसरली नव्हती. मानसिंग निघाला तेव्हाही त्यांनी नुसते हात जोडले होते.

"ते मी नाही बोललो, शालूबाई," ते कसेबसे म्हणाले. "कॉम्प्युटर बोलतो तो, माझ्या आवाजात."

"त्येला आवाज दिला कुनी?"

काय सांगणार, कपाळ! दिवाळीआधी सांगलीहून, विश्रामबागेतल्या एका कंपनीची माणसं आली होती. अर्धा तास शेठना माईकसमोर बसवून बोलतं केलं. आता तुम्ही झोपलात तरी तुमचा आवाज गिऱ्हाइकाशी बोलत राहील, असं म्हणाली. पहिला मेसेज ऐकून शेठ असे काही हरखले, की घरात आल्यागेल्याला लावून दाखवत होते. "मेसेज जायला नको, अशी काही गिऱ्हाइकं आहेत का?" असं त्या माणसांनी विचारलंही होतं. शेठ हसले होते. "छे छे, सगळ्यांना जाऊ दे. एक माणूस सुटायला नको!" त्या माणसांना दुखवटा ठाऊक नव्हता. शेठना होता. पण तेव्हा आठवतंय कशाला!

कॉम्प्युटरवर बसलेली त्यांची मुलगी अबोली पांढरीफटक पडली होती. "बाबा, मानसिंगमामांनी बिल शालूमावशींच्या नंबरावर लावलं होतं," ती पुटपुटली. "एवढ्या साड्या, एवढे टॉवेल-टोप्या दिसले की कॉम्प्युटर लग्नाचा बस्ताच धरतो."

शालूबाईनं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"शेठ, मी भांडाय आली न्हाई. माज्या लग्नाचा बस्ता तुमच्या वडलांनी बांधून दिला. शिवतेजच्या बारशाचं कापड तुमी दिलं. कवा वाईट शबूद न्हाई." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पर माजा धाकटा गुंडा बी फौजेतच हाय. म्होरल्या म्हयन्यात वर बर्फात जायाचंय, म्हनला. हे ऐकल्यापास्नं डोळ्याला डोळा न्हाई बगा. आसंच परसंग वारंवार येवोत, म्हनं! तुमच्या तोंडचं हाय, तुमच्याच तोंडानं माघारी घ्या. म्हना, परत न्हाई येनार."

एवढंच मागत होती बिचारी. शेठनी हात जोडले, तोंड उघडलं. दिवसभर बोलून साड्या विकणारा माणूस, त्याला चार शब्द फुटेनात.

अबोलीला वडिलांचे हाल बघवेनात. तिनं घाईघाईनं कॉम्प्युटरवर टाईप केलं: शालूबाईंची बाबांच्या आवाजात माफी माग. पोर भल्यासाठीच करत होती.

गल्ल्यावरचा मोबाईल थरथरला. शालूबाईनं तो उचलून दाबला.

"नमस्कार शालूबाई! मी सुमंतशेठ बोलतोय. झालेल्या गैरसमजाबद्दल मनापासून माफी मागतो. तुमच्या भावना मी समजू शकतो. पुढच्या बस्त्यावर तुम्हाला खास वीस टक्के सूट!"

"बंद कर ते! बंद कर आधी!" शेठ असे ओरडले, की रस्त्यावरची माणसं थांबून आत बघायला लागली. ते गल्ल्यामागून बाहेर आले आणि शालूबाईच्या समोर उभे राहिले. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"परत न्हाई येणार, शालूबाई," ते तिच्याच शब्दांत म्हणाले. "असा दिवस तुमच्या दारात परत कधी न्हाई येणार. गुंडा सुखरूप घरी येईल. हे कॉम्प्युटर नाही, शालूबाई. हे मी बोलतोय. मी, सुमंतशेठ बोलतोय."

शालूबाई त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं हातातल्या मोबाईलकडं बघितलं.

"त्यो बी आसंच म्हनतोय, शेठ," ती म्हणाली, आणि पायरी उतरली.